प्युअर डेटा

प्युअर डेटा (संक्षेपाने पीडी) ही ध्वनी, संगीत आणि संकेतप्रक्रिया यांसाठी वापरली जाणारी मुक्त स्रोत दृश्य आज्ञावली-भाषा आहे. तिच्यात आज्ञा ओळीने लिहिल्या जात नाहीत. पडद्यावर छोटे खोके मांडून ते तारांनी जोडले जातात. अशा मांडणीला पॅच म्हणतात. अमेरिकन गणितज्ञ व संगणकतज्ज्ञ मिलर पकेट यांनी १९९६ च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेत तिची निर्मिती केली. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्ही कार्यप्रणालींवर ती चालते. बीएसडी परवान्यामुळे ती विनामूल्य वापरता, बदलता आणि वाटता येते.

इतिहास

संगणकाकडून नाद काढून घेण्याचा पहिला व्यवस्थित प्रयत्न १९५७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी केला. त्यांच्या 'म्युझिक' आज्ञावलीत ध्वनी निर्माण करणारे सुटे घटक एकमेकांना जोडण्याची कल्पना होती. आजच्या खोके-तारांच्या पद्धतीचे मूळ तेथे आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यावर पकेट पॅरिसमधील इर्कॅम या संस्थेत काम करू लागले. वादक मंचावर वाजवीत असताना संगणकाने त्याला साथ द्यावी, यासाठी त्यांनी मॅकिंटॉश संगणकावर एक दृश्य संपादक लिहिला आणि मॅथ्यूज यांच्या सन्मानार्थ त्याला 'मॅक्स' हे नाव दिले. फ्रेंच संगीतकार फिलिप मनुरी यांची 'प्लुतों' (१९८८) ही पियानो व संगणकासाठीची रचना मॅक्सच्या साहाय्याने उभी राहिलेल्या पहिल्या मोठ्या कृतींपैकी होय.

मॅक्स १९९० पासून व्यापारी उत्पादन झाले. डेव्हिड झिकरेली यांच्या सायकलिंग '७४ या कंपनीने ते पुढे वाढविले आणि २०१७ मध्ये ती कंपनी एबलटनने विकत घेतली. पकेट यांनी दुसरी वाट धरली. इर्कॅममधील अनेक रचना त्या काळच्या महागड्या विशेष यंत्रांवर अवलंबून होत्या. यंत्र बंद पडले की रचनाही मुकी होत असे. पीडीची पॅच-फाइल साध्या मजकुराच्या स्वरूपात साठविली जाते आणि मूळ आज्ञावलीही खुली आहे. त्यामुळे यंत्र बदलले तरी कृती टिकण्याची शक्यता वाढते. पकेट यांनी मनुरी यांच्या रचनांसह जुन्या कृती पीडीत पुन्हा बांधण्याचा उपक्रमही हाती घेतला. हस्तलिखिताची नवी नक्कल करून ठेवण्यासारखेच हे काम आहे.

भारतात विद्युत-संगीताचा प्रवेश पीडीच्या कितीतरी आधी झाला. १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी अहमदाबादच्या राष्ट्रीय रचना संस्थेत मूग सिंथेसायझर आणून ध्वनिकक्ष उभारण्यास साहाय्य केले. मुंबईतील वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलंड कंपनीच्या यंत्रांवर दहा रागांची ध्वनिमुद्रिका काढली. त्या पिढीच्या मूगसारख्या यंत्रांत घटक खऱ्याखुऱ्या तारांनी जोडावे लागत. 'पॅच' हा शब्द त्या तारांवरूनच आला आहे.

कार्यपद्धती

पॅचमध्ये मुख्यतः चार प्रकारचे खोके असतात. वस्तू-खोका काम करतो, संदेश-खोका ठरावीक मजकूर पाठवितो, अंक-खोका संख्या दाखवितो व बदलू देतो आणि टिप्पणी केवळ वाचणाऱ्यासाठी असते. खोक्याच्या वरच्या कडेला आगम आणि खालच्या कडेला निर्गम असतात. तार नेहमी निर्गमातून निघून आगमात जाते.

तारा दोन जातींच्या असतात. बारीक तारेतून संदेश जातात, म्हणजे एखादी संख्या, एखादा शब्द किंवा 'बँग' ही केवळ 'कर' असे सांगणारी चापट. जाड तारेतून ध्वनी अखंड वाहतो. ध्वनीवर काम करणाऱ्या वस्तूंच्या नावापुढे '~' हे लाटेसारखे चिन्ह असते. रोमन लिपीत ओ-एस-सी आणि पुढे लाट असे लिहिले की ज्या-तरंगाचा निर्माता मिळतो (या लेखात त्याला 'ऑस्क~' म्हटले आहे). लाट लिहायची राहिली तर खोक्याभोवती तुटक रेषा येते आणि मुख्य खिडकीत वस्तू बनविता आली नाही असा संदेश उमटतो. नवशिक्यांची पहिली अडचण बहुधा हीच असते.

संगणकात ध्वनी म्हणजे क्रमाने येणाऱ्या संख्या. नेहमीच्या मांडणीत प्रत्येक सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० नमुने तयार होतात. पीडी त्यांचा हिशेब ६४ नमुन्यांच्या गठ्ठ्यांत करते. ४४,१०० च्या गतीला असा एक गठ्ठा सुमारे १.४५ मिलिसेकंदांचा असतो. हा आकडा तंबोऱ्याच्या उदाहरणात पुन्हा लागतो.

पहिला पॅच

पहिल्या पॅचला तीन खोके पुरतात. ४४० ही संख्या दिलेला 'ऑस्क~', त्याखाली ०.१ ने गुणणारा '*~' आणि शेवटी ध्वनिक्षेपकाकडे नेणारा 'डॅक~'. नवी पाटी उघडून कंट्रोल आणि १ ही कळ दाबली की वस्तू-खोका येतो. कंट्रोल-२ ने संदेश, कंट्रोल-३ ने अंक आणि कंट्रोल-५ ने टिप्पणी मिळते. जोडणी झाल्यावर कंट्रोल आणि तिरपी रेघ दाबून ध्वनिगणना सुरू करतात, कंट्रोल आणि पूर्णविराम दाबून ती थांबवितात. कंट्रोल-ई ने मांडणी आणि वापर या दोन अवस्थांमध्ये ये-जा होते. मांडणीच्या अवस्थेत अंक-खोक्यावरील संख्या ओढून बदलत नाही. 'बिघडले आहे' असे वाटण्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

मधला गुणक अनावश्यक वाटतो, पण तो वगळणे धोक्याचे आहे. 'ऑस्क~' पूर्ण ताकदीचा तरंग देतो आणि कानाला लावलेल्या हेडफोनमध्ये तो अचानक येणे अपायकारक ठरू शकते. आवाज आधी ०.१ किंवा त्याहून कमी ठेवावा आणि हेडफोन नंतर कानाला लावावा, हा क्रम पाळला जातो. 'डॅक~' ला डाव्या-उजव्या कानांसाठी दोन आगम असतात. एकालाच तार जोडली तर ध्वनी एकाच बाजूने येतो. एकूण बेरीज १ च्या पलीकडे गेली की तरंगाचे टोक छाटले जाते आणि आवाज फाटतो.

आवाज एकदम चालू-बंद केल्यास 'टक्' असा खट्याळ नाद येतो, कारण तरंग मधेच तुटतो. त्यासाठी 'लाइन~' ही वस्तू वापरतात. तिला '०.१ ३०' असा संदेश दिला की ती ३० मिलिसेकंदांत हळूहळू ०.१ पर्यंत चढते.

उष्ण आगम, शीत आगम

पीडी शिकताना सर्वांत जास्त वेळ खाणारा भाग ध्वनीचा नसून क्रमाचा आहे. बेरजेच्या खोक्याला दोन आगम असतात. उजव्या आगमात संख्या आली की ती नुसती साठविली जाते. डाव्या आगमात आली की बेरीज होऊन उत्तर बाहेर पडते. डावा आगम उष्ण आणि उजवा शीत, अशी संज्ञा रूढ आहे. म्हणून उजवी संख्या आधी पोहोचणे आवश्यक असते. पीडीतील बहुतेक वस्तू आपले निर्गम उजवीकडून डावीकडे क्रमाने मोकळे करतात, तेही याच कारणाने.

एका निर्गमातून दोन तारा काढल्यास मात्र कोणती आधी पोहोचेल ते तारा कोणत्या क्रमाने जोडल्या त्यावर ठरते, आणि पडद्याकडे पाहून ते कळत नाही. समजा एक संख्या गुणाकाराच्या दोन्ही आगमांना जोडून तिचा वर्ग काढायचा आहे. डावी तार आधी पोहोचली तर नव्या संख्येला जुन्याने गुणले जाते आणि उत्तर चुकते. पाचनंतर सात दिले तर ४९ ऐवजी ३५ येतात. यावर उपाय 'ट्रिगर' या वस्तूचा आहे. ती एकाच संख्येच्या प्रती उजवीकडून डावीकडे, ठरलेल्या क्रमाने पाठविते. अनुभवी वापरकर्ते दोन तारा फुटतात तेथे जवळजवळ सवयीने ट्रिगर टाकतात.

उदाहरण : तंबोरा

भारतीय संगीताच्या विद्यार्थ्याला पीडीचा सर्वांत सार्थ परिचय तंबोऱ्यातून होतो. मिरजेत घडविलेल्या तंबोऱ्यांची ख्याती देशभर आहे आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतार व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. विद्युत तंबोरे १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून बाजारात आहेत. पीडीत तो स्वतः बांधता येतो आणि बांधताना वाद्याची रचनाही समजते.

पट्टी काळी एक धरल्यास षड्जाची वारंवारता १३८.५९ हर्ट्झ होते. जोडीच्या दोन तारा या सुरात, खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर म्हणजे ६९.३० वर आणि पंचमाची तार खर्जाच्या दीडपट म्हणजे १०३.९४ वर लागते. पट्टीची वारंवारता काढण्यासाठी 'एमटॉफ' नावाची वस्तू आहे. तिला ४९ दिले की काळी एक, ५६ दिले की काळी चार (२०७.६५) आणि ५८ दिले की काळी पाच (२३३.०८) मिळते.

छेडलेल्या तारेसाठी १९८३ मध्ये केव्हिन कार्प्लस व अ‍ॅलेक्स स्ट्राँग यांनी प्रसिद्ध केलेली पद्धत वापरतात. गोंगाटाचा एक क्षणिक झटका विलंब-पेटीत सोडला जातो. तो ठरावीक काळाने बाहेर येतो, एका गाळणीतून जाऊन किंचित मंद होतो आणि पुन्हा पेटीत शिरतो. फेरी जितकी छोटी तितका सूर उंच. खर्जासाठी विलंब १००० भागिले ६९.३०, म्हणजे १४.४३ मिलिसेकंद, पंचमासाठी ९.६२ आणि षड्जासाठी ७.२२. पीडीत 'डेलराइट~' लिहिते, 'डेलरीड~' वाचते, 'लॉप~' तीव्र घटक गाळते आणि ०.९९ च्या आसपासचा गुणक नाद किती काळ रेंगाळेल ते ठरवितो.

येथे गठ्ठ्याची मर्यादा आड येऊ शकते. अशा फेरीत विलंब एका गठ्ठ्यापेक्षा, म्हणजे १.४५ मिलिसेकंदांपेक्षा कमी करता येत नाही. म्हणून सुमारे ६८९ हर्ट्झच्या वरचा सूर सरळ मार्गाने निघत नाही आणि त्यासाठी उप-पॅचमध्ये गठ्ठा छोटा करावा लागतो. तंबोऱ्याचे चारही सूर या मर्यादेच्या बरेच खाली असल्याने नवशिक्याला ही कटकट पडत नाही. दुसरी बाब सूक्ष्म आहे. गाळणीला स्वतःचा थोडा विलंब असतो. 'लॉप~' ३००० वर ठेवल्यास तो जवळपास ०.०३ मिलिसेकंद भरतो आणि षड्ज सुमारे सात सेंट उतरतो. एक अर्धस्वर म्हणजे १०० सेंट. तयार कानाला सात सेंट खटकतात. विलंबातून तेवढे वजा केले की सूर लागतो, पण 'डेलरीड~' पूर्ण नमुन्यांतच मोजत असल्याने त्याऐवजी नमुन्यांमधील किंमत काढणारी 'डेलरीड४~' घेणे इष्ट.

जोडीच्या तारांपैकी एक १३८.५९ वर आणि दुसरी १३८.८९ वर ठेवल्यास दर तीन-साडेतीन सेकंदांनी एक संथ हेलकावा येतो. प्रत्यक्ष तंबोऱ्याच्या सजीवपणाचा तो एक भाग आहे. जवारी मात्र एवढ्याने येत नाही. घोडीच्या किंचित उताराच्या पृष्ठभागावर तार घासत कंप पावते, त्यामुळे वरचे स्वरांश एकामागून एक उजळत जातात. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ च्या शोधनिबंधात तंबोरा व वीणा यांच्या या वैशिष्ट्याची नोंद केली. ज्या बिंदूवर तार छेडली तेथे शून्य असणारे स्वरांशही या वाद्यांत ऐकू येतात, हे नेहमीच्या नियमाविरुद्ध त्यांना आढळले. पीडीत जवारीचे अनुकरण करण्यासाठी तारेच्या आवाजानुसार विलंब किंचित हलता ठेवावा लागतो, आणि ते नवशिक्याचे काम नव्हे.

श्रुतींचा प्रश्न

'एमटॉफ' सप्तकाचे बारा समान भाग करते. हार्मोनियमही तेच करते. शुद्ध गांधार षड्जाच्या ५/४ पट मानल्यास काळी एकमध्ये तो १७३.२४ हर्ट्झ येतो, समान विभागणीत १७४.६१. फरक सव्वा-दीड हर्ट्झचाच, परंतु षड्जाचा पाचवा स्वरांश (६९२.९६) आणि या चढ्या गांधाराचा चौथा स्वरांश (६९८.४६) एकत्र वाजले की सेकंदाला साडेपाच ठोके पडतात. पेटीवरचा गांधार तंबोऱ्याशी का भांडतो, हे दोन 'ऑस्क~' आणि काही गुणक यांनी दोन मिनिटांत ऐकता येते.

हा वाद महाराष्ट्रात जुना आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि ई. क्लेमेंट्स यांच्यासमवेत श्रुती-हार्मोनियमच्या घडणीत भाग घेतला. आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशके हार्मोनियमला आपल्या ध्वनिकक्षांत मज्जाव केला होता. हार्मोनियमचा सूर बदलायचा तर पितळी पत्ती घासावी लागते. पॅचमध्ये एक संख्या बदलली की दुसरी श्रुती ऐकू येते. गुणोत्तर बरोबर आहे का हे तरीही कानच ठरवितो, आणि गायक एकाच रागात गांधार हलवितो हे कोणत्याही कोष्टकात बसत नाही.

ताल

तालासाठी 'मेट्रो' ही वस्तू ठरावीक मिलिसेकंदांनी बँग देते. मिनिटाला १२० मात्रांसाठी ५०० हा आकडा. मोजणी एकाने वाढवून १६ ने भागून उरलेली बाकी घेतली की तीनतालाचे आवर्तन मिळते, ८ ने भागल्यास भजनी ठेक्याचे. शून्य बाकीला समेचा आवाज जोडतात. ठेक्याचे बोल स्वतः मुद्रित केलेल्या पखवाज किंवा तबल्याच्या तुकड्यांतून वाजविणे कृत्रिम नाद बनविण्यापेक्षा सोपे जाते.

नांदेड आणि लातूर परिसरातील उपयोग

नांदेडच्या विष्णुपुरी परिसरात श्री गुरु गोबिंद सिंगजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था (स्थापना १९८१) आणि स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ (स्थापना १९९४) आहे. विद्यापीठाचे उपकेंद्र लातूरला आहे. अभियांत्रिकीच्या इलेक्ट्रॉनिक्स शाखेत अंकीय संकेतप्रक्रिया हा विषय शिकविला जातो. तेथे गाळणी, नमुनादर, छाटणी ही सारी सूत्रे आणि आलेख असतात. पीडीत तीच सूत्रे ऐकू येतात. दुसऱ्या टोकाला हुजूर साहिबचे कीर्तन आणि गावोगावची वारकरी भजने यांमुळे या भागात सूर-ताल कानावर असलेल्या विद्यार्थ्यांची वाण नाही. ही आज्ञावली या दोन ज्ञानांना एका पाटीवर आणते. तिला भारी संगणक लागत नाही, जुन्या लॅपटॉपवर ती चालते आणि एकदा उतरवून घेतल्यावर महाजालाची गरज उरत नाही. वीज व महाजाल यांचा भरवसा नसलेल्या ठिकाणी हा गुण किमतीइतकाच महत्त्वाचा आहे.

मदतपाने इंग्लिशमध्ये आहेत. परंतु कोणत्याही वस्तूवर उजवी कळ दाबून मदत उघडली की समोर येते ते पान स्वतःच एक चालता पॅच असते. त्यातील अंक ओढून आणि तारा तोडून पाहिल्यास भाषा कमी आडवी येते. हवा तो भाग तेथून उचलून आपल्या पॅचमध्ये ठेवता येतो. टिप्पण्या देवनागरीत लिहिता येतात, मात्र जोडाक्षरे कशी दिसतील ते संगणकावर अवलंबून असते. फाइलींची नावे रोमन लिपीत ठेवणे सुरक्षित.

संगीताबाहेरचा एक उपयोग या परिसराला जवळचा आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातील किल्लारीला ६.२ महत्तेचा भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबाद (आताचे धाराशिव) पट्ट्यातील हजारो माणसे दगावली. भूकंपलहरींची बहुतांश वारंवारता माणसाच्या श्रवणमर्यादेच्या, म्हणजे सुमारे २० हर्ट्झच्या खाली असते. नोंदी वेगाने वाजविल्या की त्या ऐकू येतात. भूकंपमापकाने सेकंदाला १०० नमुने घेतले असतील आणि ते ४४,१०० च्या गतीने वाजविले, तर वेग ४४१ पट होतो. एका तासाची नोंद ८.१६ सेकंदांत संपते. एक हर्ट्झची लहर ४४१ हर्ट्झवर, जवळपास पांढरी सहाच्या सुरात येते आणि वीस सेकंदांच्या आवर्तनाची संथ पृष्ठलहर २२ हर्ट्झवर, ऐकू येण्याच्या उंबरठ्यावर थांबते.

पीडीत यासाठी संख्यांची मजकूर-फाइल 'अ‍ॅरे' या कोष्टकात वाचून घेतात, 'नॉर्मलाइज' संदेशाने सर्वांत मोठी किंमत १ वर आणतात, 'टॅबप्ले~' ने वाजवितात आणि 'हिप~' ने स्थिर सरकलेला भाग काढून टाकतात. आधी आलेली प्राथमिक लहर कोरड्या टिचकीसारखी, नंतरची दुय्यम लहर अधिक जड ऐकू येते. दोहोंमधील अंतर केंद्रापासूनच्या अंतराशी निगडित असते, म्हणून दोन ठाण्यांच्या नोंदी डाव्या-उजव्या कानांत एकत्र वाजविल्यास कोणते ठाणे दूरचे ते कानानेच सांगता येते. अशा नोंदी वर्गात वाजविताना त्यांच्यामागे काय घडले हे ऐकणाऱ्यांच्या घरी माहीत असू शकते, याचे भान शिकविणाऱ्याला ठेवावे लागते.

अभ्याससाहित्य आणि अन्य आज्ञावल्या

पकेट यांचा विद्युत-संगीताच्या सिद्धान्तावरील ग्रंथ (२००७) महाजालावर विनामूल्य उपलब्ध आहे. तो गणिताच्या अंगाने जातो. ज्याला पाऊस, पावले, घंटा असे नाद बनवायचे आहेत त्याला अँडी फार्नेल यांचे 'डिझायनिंग साउंड' (२०१०) अधिक उपयोगी पडते, त्यातील सर्व उदाहरणे पीडीत आहेत. लिबपीडी या संचामुळे पॅच भ्रमणध्वनीच्या उपयोजनांतही बसविता येतो.

पीडीचा बाह्य चेहरा रूक्ष आहे, ही तक्रार जुनी आणि खरी आहे. पर-डेटा आणि प्लगडेटा या तिच्यावर आधारलेल्या आज्ञावल्या दिसायला सुबक असून प्लगडेटा इतर संगीत-मुद्रण आज्ञावल्यांच्या आतही चालते. मॅक्स अधिक सोयीचे पण विकतचे आहे. २०१७ मध्ये आलेले व्हीसीव्ही रॅक खऱ्या सिंथेसायझरच्या फळ्या पडद्यावर मांडते. त्यात पहिला आवाज लवकर निघतो, मात्र विलंब-पेटी आतून कशी चालते हे ते दाखवीत नाही. सुपरकोलायडर ही पीडीच्याच काळातील मुक्त भाषा आहे, पण तिच्यात खोके नसून आज्ञा लिहाव्या लागतात.